दोन फुटांचं रेडिओ स्टेशन

गेल्या अंकात बोलता बोलता एक ओळ लिहून गेलो की आमच्या पडवीतला जुना व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ हल्ली घरीच बनवलेल्या एका व्हॉल्व्हच्या स्टेशनवर गातो, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी मिक्सर, इन्व्हर्टर, पंप सगळे बाजूला ठेवावे लागले. ज्यांनी फ्रिजच्या आवाजाचं विचारलंय त्यांनी थोडा दम धरा, पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न: नमस्कार. वडिलांनी घेतलेला पाच व्हॉल्व्हचा रेडिओ माझ्याकडे आहे, ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. मेकॅनिकने कंडेन्सर बदलून दिले, आता चालतो, पण ऐकायचं काय, दिवसा नुसती खरखर. मुलगा म्हणतो आत ब्लूटूथचं किट बसवून देतो. मला ते पटत नाही, काटा फिरवला की स्टेशन लागलं पाहिजे. नेटवर एक अमेरिकन सर्किट सापडलं, एकच ६बीई६ व्हॉल्व्ह, मिडियम वेव्हचा ट्रान्समीटर. जमेल का मला? (निवृत्त मास्तर, राजापूर)

उत्तर: मास्तर, जमेल. ब्लूटूथचं किट मुलाला परत करायला सांगा. तुमच्या रेडिओला काही झालेलं नाही, त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही एवढंच, देशातली मिडियम वेव्हची बरीच ट्रान्समीटरं गेल्या काही वर्षांत बंद झाली.

तुम्हाला सापडलेलं सर्किट जुनंच आहे, रेकॉर्ड प्लेयरचं गाणं वायर न जोडता रेडिओवर ऐकायला अमेरिकेत लोक असं वापरायचे, फोनो ऑसिलेटर म्हणायचे त्याला. ६बीई६ मध्ये पाच ग्रिड असतात. रेडिओत हा व्हॉल्व्ह बाहेरून आलेलं स्टेशन आणि स्वतःचं ऑसिलेशन (आतच तयार होणारी लाट) यांची खिचडी करतो, तुमच्या सेटमध्ये तेच काम ईसीएच ८१ करतोय (तो काढून वापरू नका म्हणजे झालं!). आपण काय करायचं, तर स्टेशनच्या जागी मोबाइलमधलं गाणं द्यायचं, की बाहेर पडते ती गाण्याने हललेली मिडियम वेव्ह.

पिना लिहून ठेवा. खालून बघताना गॅपच्या डाव्या बाजूने घड्याळाच्या काट्यासारखं मोजायचं, एक म्हणजे पहिली ग्रिड, दोन कॅथोड, तीन आणि चार हीटर, पाच प्लेट, सहा स्क्रीन (दुसरी आणि चौथी ग्रिड आतूनच जोडलेली), सात म्हणजे तिसरी ग्रिड, गाणं द्यायची ती ही. कॉइल घरीच गुंडाळा. बाहेरून ३३ मिलिमीटर भरेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यावर २८ गेजची एनॅमल तार, १०० वेढे, एकमेकांना चिकटून. सुमारे १८० मायक्रोहेन्री होतात. जुन्या रेडिओतल्या गँगचा (काटा फिरवला की ज्याचे पत्रे फिरतात तो कंडेन्सर) ३६५ पिकोफॅरडचा एक सेक्शन तिला जोडला की साधारण ६२० किलोहर्ट्झपासून पार वर १५०० पर्यंत फिरता येतं. अर्थच्या टोकापासून दहा-बारा वेढ्यांवर एक टॅप (मधूनच काढलेली जोडणी) काढा, तो कॅथोडला. कॉइलचं वरचं टोक १०० पिकोफॅरडमधून पहिल्या ग्रिडला, आणि त्या ग्रिडवरून २२ के (किलोओहम) चा रेझिस्टर चेसिसला, म्हणजे सगळं ज्यावर बसवतो त्या पत्र्याला. ऑसिलेशन झालं नाही तर बाकी काही उचकटू नका, आधी टॅप दोन-चार वेढे वर घेऊन बघा, दहातल्या आठ वेळा तिथेच असतं.

सप्लायबद्दल मात्र थोडं थांबून वाचा. त्या अमेरिकन सर्किटांत पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरच नसतो, हीटर सिरीजमध्ये आणि लाइनची एक वायर सरळ चेसिसला. त्यांच्याकडे ११७ व्होल्ट, आपल्याकडे २३०, आणि प्लग उलटा बसला की अख्खी चेसिस जिवंत. हे करू नका. बाजारात १२ व्होल्टचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर मिळतात ते घ्या, पहिल्याचे १२ व्होल्ट दुसऱ्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला द्या, म्हणजे दुसऱ्याच्या २३० च्या बाजूला पुन्हा दोनशेच्या आसपास एसी मिळतो आणि तो लाइनपासून पूर्ण तुटलेला असतो. ब्रिज (चार डायोडचा) आणि कंडेन्सर लावला की अडीचशे-पावणेतीनशे डीसी. आणि ६बीई६ च्या जागी १२बीई६ घ्या, तोच व्हॉल्व्ह, त्याच पिना, फक्त हीटर १२.६ व्होल्टचा, तो मधल्या १२ व्होल्टवरच चालून जातो. हे मला फार उशिरा सुचलं, तोपर्यंत ६.३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर शोधत हिंडलोय.

स्क्रीनला १०० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, २२ के दोन वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चेसिसला. प्लेटला २.५ मिलिहेन्रीच्या चोकमधून सप्लाय, आणि प्लेटवरूनच १०० पिकोफॅरडमधून आउटपुट बाहेर काढायचं, तो कंडेन्सर एक किलोव्होल्टचा घ्या कारण तो फुटला तर अडीचशे व्होल्ट तुमच्या रेडिओच्या एरियलमध्ये. पुढे एक के चं व्हॉल्यूम, त्याच्या मधल्या पायावरून शिल्डेड वायर, आणि ती सरळ रेडिओच्या मागच्या एरियल आणि अर्थच्या भोकांत. हो, सरळ वायरच. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सिग्नल जनरेटर असतो ना, हेही तेच आहे, फक्त टूं-टूं ऐवजी नाट्यसंगीत.

मोबाइलमधून येणारा ऑडिओ व्हॉल्व्हला कमी पडतो, म्हणून जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचा, स्पीकरची बाजू मोबाइलला. व्होल्टेज वाढतं आणि मोबाइल सर्किटपासून वेगळाही राहतो. आवाज फाटायला लागला तर सातव्या पिनेला थोडं निगेटिव्ह बायस (कायम दिलेलं उणं व्होल्टेज) हवंय असं समजा. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या सिरीजमध्ये एक दीड व्होल्टचा सेल, मायनस ग्रिडकडे. करंट जवळजवळ शून्य, त्यामुळे सेल टिकतो भरपूर. आणि मोबाइलचा आवाज थोडा कमीच ठेवा, मॉड्युलेशन (गाण्याने लाट हलण्याचं प्रमाण) शंभर टक्क्यांच्या वर गेलं की गाणं रडतं आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरही सांडतं.

फ्रिक्वेन्सी कुठली? आपल्याकडे मिडियम वेव्हची स्टेशनं ५३१ पासून १६०२ पर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. आपल्या रत्नागिरीचं ११४३, त्याच्या आसपास फिरकायचं नाही. ८०० च्या खाली बसलात तर दुप्पट फ्रिक्वेन्सीही त्याच पट्ट्यात येते. ९१० वर शिट्टी ऐकू येईल कारण रेडिओच्या आतल्या ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफची (रेडिओ प्रत्येक स्टेशन आत ज्या एका फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) ती दुप्पट. मी १४०० च्या जवळपास बसलोय. तुम्ही आधी दोन-तीन रात्री नुसतं ऐका, दिवसा रिकामी वाटणारी जागा काळोख पडल्यावर भरलेली निघते, लांबलांबची स्टेशनं येतात समुद्रापलीकडची.

प्रश्न: काकानू, गणपतीत वाडीतल्या सगळ्यांका आरती नि डबलबारी घराघरात रेडिओवर ऐकवची आसा. घरामागे उंच माड आसा, थंयसून तार सोडली तर किती लांब ऐकाक येतला? व्हॉल्व्ह मोठो घातलो तर? (वाडीतलो एक झील, मालवण)

उत्तर: अरे झिला, कल्पना झकास आहे आणि उत्तर नाही असं आहे. पण का नाही ते नीट सांगतो, नुसतं नाही म्हटलं की तू करणारच, मीही केलं होतं.

आधी हिशोब. १४०० किलोहर्ट्झला एक लाट २१४ मीटरची. अमेरिकेत १०० मिलिवॉट आणि सगळी मिळून तीन मीटर तार एवढ्याला लायसन्स लागत नाही, तू जे व्हिडिओ बघतोस ते तिथले. तीन मीटरची उभी तार या लाटेपुढे इतकी आखूड की तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (हवेत जाणारी पॉवर मोजायचं माप) ओहमचा दहावा हिस्सासुद्धा भरत नाही, आणि कॉइल नि जमीन मिळून तीस-चाळीस ओहम सहज खातात, आपल्या जांभ्यात तर त्याहून जास्त. म्हणजे शंभर मिलिवॉटमधले हवेत जातात जेमतेम दोनशे मायक्रोवॉट, बाकी सगळं ऊब. आता तू माडावर बारा मीटर चढवलीस तर तार चौपट झाली, पण रेडिएशन रेझिस्टन्स सोळापट होतो, वर्गात वाढतो तो. त्यात मोठा व्हॉल्व्ह. आणि पुढे काय आहे तुझ्या माडाच्या? समुद्र. खाऱ्या पाण्यावरून मिडियम वेव्ह जमिनीपेक्षा कितीतरी लांब घसरत जाते. वाडीत पोचेल न पोचेल, होडीवर मात्र पोचेल, आणि होडीवर माणूस रेडिओ लावतो तो वाऱ्या-पावसाची खबर ऐकायला. त्याच्या कानात तुझी डबलबारी शिरली तर तो शिव्या घालील आणि बरोबर करील.

कॉलेजात असताना मी ईएल ८४ लावून असंच एक धाडस केलं होतं, आपल्याला वाटलं स्टेशन १३०० ला आहे, पण कॉइल इतकी भिकार की ते पट्टाभर पसरलेलं. संध्याकाळच्या बातम्यांना शेजारचे आजोबा दारात हजर, हातात ट्रान्झिस्टर, त्यातून माझाच आवाज, हॅलो हॅलो टेस्टिंग. त्यांनी काही न बोलता तो माझ्या कानाला लावला. वडिलांनी चेसिस माळ्यावर टाकली ती दोन वर्षांनी खाली आली.

कायद्याचं म्हणशील तर आपल्याकडे विना लायसन्स प्रसारण करता येत नाही, किती का छोटं असेना. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, १९३३ चा वायरलेस टेलिग्राफीचा कायदा आणि आता त्यांच्या जागी आणलेला २०२३ चा टेलिकम्युनिकेशन कायदा, तिन्हींचा सूर तोच. अमेरिकेची १०० मिलिवॉटची सूट आपल्याला लागू नाही. हॅमचं (हौशी रेडिओवाल्याचं) लायसन्स काढ, बारा वर्षांवरच्या कोणालाही परीक्षा देता येते, पण त्यातही मिडियम वेव्ह मिळत नाही आणि गाणी वाजवायला तर सक्त मनाई. गावाचं स्टेशनच हवं असेल तर कम्युनिटी रेडिओ असतो, तो एफएमवर, एकट्या माणसाला मिळत नाही, कॉलेज किंवा नोंदलेली संस्था लागते.

आणि माड. वळवाच्या पावसात वीज पहिल्यांदा कुठे पडते हे तुला मी सांगायला नको. गणपतीतही गडगडतंच की. तारेचं दुसरं टोक तुझ्या खोलीत असणार.

डबलबारीसाठी मंडपवाल्याकडूनच लाइन ओढून घे, घरागणिक एक छोटा लाइन ट्रान्सफॉर्मरचा स्पीकर, शंभर व्होल्ट लाइन म्हणतात त्याला, ॲम्प्लिफायरवाल्यांना माहीत असतं. म्हाताऱ्या माणसांना काटासुद्धा फिरवावा लागणार नाही.

प्रश्न: सर, तुम्ही म्हणता तसं वायरने जोडलं तर मग त्यात वायरलेस काय राहिलं? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: पकडलंत. शिल्डेड वायर नको असेल तर आउटपुटला वायरचे दोन वेढे करा, परातीएवढे, आणि रेडिओच्या मागे टांगा. ट्रान्झिस्टर रेडिओच्या आतल्या फेराइट रॉडला (तोच त्याचा एरियल) ते लगेच समजतं, दोन फुटांवर स्वच्छ, खोलीबाहेर काही नाही. एक के च्या व्हॉल्यूमने आउटपुट इतकं कमी करा की रेडिओ तीन फूट मागे नेला की खरखर सुरू झाली पाहिजे. आमच्याकडे सगळे विचारतात किती लांब जातं, मी म्हणतो दोन फूट, आणि ते दोन फूट जमवायला मला किलोमीटरभरापेक्षा जास्त डोकं लागलंय.

प्रश्न: ट्रान्समीटर बनवला, चालतो. पण रेडिओ माझ्या फ्रिक्वेन्सीवर आणला की घूंऽऽ असा आवाज, बाजूला नेला की गायब. फिल्टर कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरडचा होता तो १०० केला, २२० केला, फरक शून्य. हीटरच्या वायरी पिळून घेतल्या. आता काय? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: कंडेन्सर वाढवणं थांबव, दोष तिथे नाहीये. बाजूला नेल्यावर घूं जाते हेच तुझं उत्तर आहे. फिल्टर सुकला असता तर १०० हर्ट्झची घूं गाण्याच्या मागे कमी-जास्त राहिली असती आणि कंडेन्सर वाढवल्यावर थोडी तरी हलली असती. तुझी घूं कॅरिअरवर (गाणं वाहून नेणाऱ्या मूळ वेव्हवर) स्वार होऊनच येते.

होतं असं की तुझी मिडियम वेव्ह ट्रान्सफॉर्मरमधून मागे लाइनच्या वायरिंगमध्ये शिरते, घराचं वायरिंग म्हणजे फुकटचा एरियल, आणि मध्ये ब्रिजचे डायोड दर सायकलला उघडझाप करतायत, म्हणजे तुझी वेव्ह लाइनच्या तालावर चालू-बंद होतेय. चारही डायोडना समांतर ०.०१ मायक्रोफॅरडचे एक किलोव्होल्टचे सिरॅमिक डिस्क लाव, एकेका डायोडला एकेक. दहा-वीस रुपयांचं काम आहे आणि माझ्याकडे तरी घूं जागच्या जागी मेली. शिवाय लाइन जिथे चेसिसमध्ये शिरते तिथे एक फिल्टर टाक, कॉम्प्युटरच्या मोडक्या सप्लायमधला चालतो. यातून अजून एक गोष्ट साधते, लाइनमधून शेजाऱ्याकडे जाणारं तुझं स्टेशन बंद होतं, ते तसंही तिकडे जायला नकोच आहे. आणि चेसिस पत्र्याच्या पूर्ण बंद डब्यात घाल, बिस्किटांचा मोठा डबा असतो ना दिवाळीत येणारा, वर भोकं पाड, व्हॉल्व्ह तापतो.

अजून थोडी राहिलीच तर मोबाइलचा चार्जर काढून बघ. हसू नकोस, मी दोन संध्याकाळी घालवल्यात त्यावर.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे, तुमचा लेख वाचून माळ्यावरून जुना रेडिओ काढलाय आणि रात्री उघडून बसतो. त्यात करंट असतो का? घरात आरसीसीबी बसवलेला आहे, तो पडेल ना काही झालं तर? (एक आई, श्रीवर्धन)

उत्तर: ताई, असतो, आणि आरसीसीबी पडणार नाही. तो पडतो ते लाइनमधून करंट जमिनीत गेला तर. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या अडीचशे व्होल्टला एक हात प्लसला आणि एक चेसिसला लागला तर करंट हातातून छातीतून फिरून परत ट्रान्सफॉर्मरलाच जातो, आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. आणि प्लग काढल्यावरसुद्धा मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, मला बसलेला सगळ्यात जोराचा शॉक बंद असलेल्या रेडिओचा आहे.

त्याला रागावू नका, पण नियम घाला. एकटा असताना आणि रात्री अंथरुणातून उठून, असं अजिबात नाही. पायात कोरडी रबरी चप्पल, आणि पावसाळ्यात लादी ओली असताना कामच नाही. चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा हात खिशात. कंडेन्सरच्या दोन टोकांना २२० के एक वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा, मिनिटभरात चार्ज उतरतो, आणि तरीही मीटरने बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही. प्लेट सप्लायमध्ये १०० मिलिॲम्पचा फ्यूज. आणि रेडिओचा कागदी कंडेन्सर जुना असेल तर सरळ प्लग लावू देऊ नका, ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावायचा, बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. खरं सांगायचं तर दहावीच्या वर्षात त्याला आधी नऊ व्होल्टवर ट्रान्झिस्टरचा करू दे, व्हॉल्व्ह परीक्षेनंतर. माळ्यावर साठ वर्षं थांबलाय तो, अजून चार महिने थांबेल.

प्रश्न: उन्हाळ्यात बनवलेला माझा ट्रान्समीटर पावसाळा लागल्यापासून जागेवर राहत नाही. १३९५ ला लावला की अर्ध्या तासात सरकलेला असतो, कधी सकाळी ऑसिलेशनच सुरू होत नाही, दुपारी होतं. व्हॉल्व्ह कमजोर झाला का? (वाचक, गुहागर)

उत्तर: व्हॉल्व्ह बदलू नका, हवा बदललीय. आपल्याकडे जूनमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, दार चौकटीत अडकतं, मग तुमची कॉइल काय वेगळी आहे? तुम्ही लिहिलेलं नाही पण माझी पैज की कॉइल पुठ्ठ्याच्या नळीवर आहे. पुठ्ठा ओल पितो, फुगतो, कॉइलचा क्यू (तिचा कस) पडतो, आणि सकाळच्या दमट हवेत ऑसिलेशन धरत नाही, दुपारी व्हॉल्व्हच्याच उबेने सुकलं की धरतं. पीव्हीसीवर नवीन गुंडाळा, उन्हात नाहीतर बल्बच्या उबेत नीट सुकवा आणि गरम असतानाच मेण किंवा ट्रान्सफॉर्मरचं वॉर्निश पाजा, आधी सुकवणं महत्त्वाचं, नाहीतर ओल आत बंद होते.

त्याआधी एक खात्री करून घ्या, सरकतंय कोण? दुसरा रेडिओ, शक्यतो डिजिटल आकड्यांचा, त्याच स्टेशनवर लावून ठेवा. दोन्ही रेडिओ बिघडले तर ट्रान्समीटर सरकतोय, एकच बिघडला तर तो रेडिओ. जुन्या सेटचं ऑसिलेटरही पहिली पंधरा-वीस मिनिटं सरकतंच, त्याला चहा होईपर्यंत गरम होऊ द्यायचं अशी आमच्या वडिलांची रीत होती.

मग कंडेन्सर. ट्यूनिंगच्या आसपास जे छोटे आहेत ते साधे सिरॅमिक असतील तर काढा, सिल्व्हर माइका किंवा एनपीओ (उष्णतेने न बदलणारे सिरॅमिक) घाला. गँगच्या पत्र्यांवर आणि दांड्याला अर्थ देणाऱ्या पितळी पट्टीवर खाऱ्या हवेची हिरवट बुरशी आली असेल, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा, पत्रे मात्र वाकवू नका. व्हॉल्व्हच्या पिना सुरीने खरवडतात लोक, तसं करू नका, लाकडी टूथपिक नाहीतर बारीक पॉलिश पेपर. सॉकेट काळा बॅकेलाइटचा असेल तर तोही ओल धरतो, सिरॅमिकचा मिळाला तर घ्या.

तिसरं कारण लाइन. संध्याकाळी गावात सगळ्यांचे पंप चालू झाले की व्होल्टेज १८० होतं, रात्री अकरानंतर २५० ला जातं, स्क्रीन व्होल्टेज तेवढंच वरखाली आणि फ्रिक्वेन्सी त्याच्या मागे मागे. यासाठी ०ए२ नावाचा गॅसचा व्हॉल्व्ह असतो, तो १५० व्होल्ट धरून ठेवतो. सप्लायमधून ४.७ के पाच वॉटच्या रेझिस्टरने त्याला द्या, मग सगळं सर्किट त्या १५० वर चालवा, फक्त स्क्रीनचा २२ के काढून ८.२ के टाका. झेनर डायोडनेही होतं, स्वस्त पडतं, पण ०ए२ मंद जांभळट पेटतो ते काळोखात इतकं देखणं दिसतं की मी झेनर घातला नाही.

वापर नसेल तेव्हा कपाटात ठेवा आणि आत एक पंधरा वॉटचा बल्ब चालू ठेवा, बायका शालू-पैठण्यांच्या कपाटात ठेवतात तसाच. आमच्याकडे दोन्ही एकाच कपाटात आहेत, यावरून घरात जे काय होतं ते लिहीत नाही.

प्रश्न: देवगडात वीज यायच्या आधी आजोबांकडे बॅटरीवरचा रेडिओ होता, त्यातले डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे व्हॉल्व्ह मिळालेत, खोकं वाळवीने खाल्लं. यांतला डीके ९६ तुमच्या सर्किटमध्ये चालेल का? चुकून सहा व्होल्ट दिले तर? (आंबा बागायतदार, देवगड)

उत्तर: सहा व्होल्ट दिलेत तर एकदा लख्ख दिसेल आणि पुन्हा कधीच दिसणार नाही. हे व्हॉल्व्ह १.४ व्होल्टचे, फिलामेंट २५ मिलिॲम्पचं (डीएल ९६ चं ५० चं), केसाहून बारीक. पूर्वी त्या रेडिओला विटेएवढी ड्राय बॅटरी यायची, एकाच खोक्यात ९० व्होल्ट आणि दीड व्होल्ट, गावात ती संपली की बातम्या बंद, म्हणून घरात मुलांना गाणी लावायला मिळायची नाहीत. तसलं खोकं आता कुठे मिळणार, पण नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकमेकींना टोचत गेलात की ९० होतात, त्यांच्या बटणांची रचनाच तशी आहे. फिलामेंटला रिचार्जेबल १.२ व्होल्टचा एक सेल पुरतो आणि सुरक्षितही.

पण मास्तरांना दिलेलं सर्किट जसंच्या तसं चालणार नाही. १२बीई६ ला वेगळा कॅथोड आहे, तो आपण कॉइलच्या टॅपला दिला. डीके ९६ मध्ये फिलामेंटच कॅथोड, ते टॅपवर टांगलं तर बॅटरीसकट टांगावं लागतं. त्यामुळे यात दुसरी ग्रिड ऑसिलेटरची प्लेट म्हणून वापरायची, ती त्यासाठीच वेगळी काढलेली आहे. मुख्य कॉइलच्या अर्थकडच्या टोकाशेजारी त्याच पाइपवर वीस-पंचवीस वेढ्यांची दुसरी छोटी कॉइल गुंडाळा, तिचं एक टोक दुसऱ्या ग्रिडला, दुसरं टोक रेझिस्टरमधून प्लसला आणि तिथे ०.१ चा कंडेन्सर चेसिसला. ऑसिलेशन होत नसेल तर छोट्या कॉइलची दोन टोकं उलटसुलट करा, पन्नास टक्के शक्यता पहिल्यांदा उलटीच लागते. माझी शंभर टक्के लागते.

९० व्होल्टचं टोक फिलामेंटच्या पिनेला निसटतंही लागू देऊ नका, चारातला एक व्हॉल्व्ह असाच जातो. म्हणून आधी फिलामेंटचा सेल जोडून, काळोखात ओंजळ धरून बघा, अगदी बारीक लालसर रेघ दिसली तर दिसते, नाही दिसली तरी मीटरवर कंटिन्युइटी आली की पुरे. मग ९० व्होल्ट, तेही पहिल्यांदा १० के च्या रेझिस्टरमधून.

फायदा असा की लाइन नाही म्हणून घूं नाही, शॉकची भीती कमी, पण नाही असं नाही, ९० व्होल्ट ओल्या हाताला चांगले लागतात. करंट इतका थोडा जातो की बॅटऱ्या महिनोन्‌महिने पुरतात, आंब्याच्या हंगामात बागेतल्या खोपटीत ठेवलात तरी चालेल, बाजूला ट्रान्झिस्टर आणि मध्ये हातभर अंतर. उरलेले तीन व्हॉल्व्ह टाकू नका. डीएल ९६ वर एक लिहायचंय, मला आधी माझाच माळ्यावरून उतरवू दे.

प्रश्न: व्हॉल्व्ह मिळतात कुठे अजून? (बरेच जण)

उत्तर: मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात जुना बाजार. पण आधी गावातल्या बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जा, जुन्या मेकॅनिककडे खोकी भरून पडलेले असतात, सोबत चहाही मिळतो आणि कुठला व्हॉल्व्ह मेलेला आहे ते तो नुसता हलवून सांगतो. भाव करू नका त्याच्याशी.